नागपूरहून नगरचं टँक म्युझियम: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

रणगाडे जवळून बघायचे असतील तर नागपूरकराला अहिल्यानगर गाठावं लागतं. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलं. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे मांडलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉईसपासून अवाडीला बनलेल्या विजयंता रणगाड्यापर्यंत ब्रिटिश, अमेरिकी, जपानी, जर्मन, फ्रेंच अशा सगळ्या देशांचा माल एका आवारात आहे.

अडचण अशी की बहुतेक लोक तिथे जातात, पाच-सहा गाड्यांसमोर फोटो काढतात आणि अर्ध्या तासात "सगळे सारखेच दिसतात हो" म्हणत बाहेर पडतात. त्यांचंही चूक नाही. जुन्या गाड्या डागडुजी करून, गंज खरवडून, ताजा रंग मारून उभ्या केल्या की १९४० चा रणगाडा आणि १९७० चा रणगाडा पहिल्या नजरेत एकाच घरातले वाटतात. रंगाखालचं वाचायला थोडी तयारी लागते. प्रवासाइतकंच त्या तयारीबद्दलही खाली लिहिलं आहे.

१. देवदर्शनाच्या सहलीत कोंबू नका

हा सगळ्यात मोठा सापळा, म्हणून पहिला. नागपूरहून निघालेलं कुटुंब शिर्डी करतं, शनिशिंगणापूर करतं, आणि "वाटेतच आहे तर" म्हणून नगरला वळतं. दर्शनाची रांग किती वेळ खाईल याचा भरवसा नसतो. मग म्युझियमच्या वाट्याला येतो संध्याकाळचा पाऊण तास, तोही दमलेल्या पायांनी. दर्शन करायचंच असेल तर रणगाडे आदल्या सकाळी बघून घ्या. निदान अडीच-तीन तास हाताशी हवेत.

दिवस ठरवण्याआधी उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार ताजा तपासा. जागा लष्कराच्या ताब्यातली आहे. काही कार्यक्रम असला की सर्वसामान्यांना प्रवेश बंद ठेवला जाऊ शकतो. आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिना आपण नागपूरकर अंगावर काढतो हे खरं, पण उघड्यावर उभं असलेलं लोखंड उन्हात हात लावू देत नाही, आणि सावली शोधत फिरताना कोणी गाडीचं चाक मोजत बसत नाही.

२. डोळ्यांचा सराव नागपुरातच करा

हे ऐच्छिक आहे, पण उपयोगी आहे. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथे अडीच फुटी रुळांवर धावलेली इंजिनं रंगवून ठेवली आहेत. रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्यांची) रांग कुठे आहे, ओतीव भाग कुठे संपतो, कोणता भाग नंतर बसवलेला दिसतो, हे बघायची सवय तिथे लागते. मुलांना घेऊन जा. नगरला ती तुम्हालाच शिकवतील.

लष्कराच्या जागेत वावरायचं कसं याची चुणूक हवी असेल तर सीताबर्डी किल्ला बघून घ्या. एरवी बंद असलेला हा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे हे ऐकून कॅमेरा गळ्यात घालून छावणीत फिरायला मात्र जाऊ नका. परवानगीशिवाय तिथे तुमचं काही काम नाही.

३. जायचं कसं

रेल्वेने: पुण्याकडे जाणाऱ्या आपल्या बऱ्याच गाड्या भुसावळ, मनमाड, नगर, दौंड अशा जातात. महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि आझाद हिंद या जुन्या ओळखीच्या. महाराष्ट्र एक्स्प्रेस रमतगमत जाते, पण सामान आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मला तीच बरी वाटते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. तिकीट शोधताना एका नावाने गाडी दिसली नाही तर दुसरं नाव टाकून बघा. पुणे गाडी नगरला थांबते की नुसती पुढे जाते हेही आधी तपासा, सगळ्या थांबत नाहीत.

ट्रॅव्हल्सने: संध्याकाळी नागपूरहून निघणाऱ्या पुण्याच्या बसेस भल्या पहाटे नगरच्या आसपास पोचतात. इथला सापळा बायपासचा. तिकीट काढताना "शहरात कुठे उतरवणार" हे नेमकं विचारा. नाहीतर अंधारात हायवेच्या कडेला बॅगा घेऊन उभं राहायची पाळी येते.

स्वतःच्या गाडीने: साडेपाचशे ते सहाशे किलोमीटर धरा. समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन नगर रस्त्याला लागता येतं, किंवा सरळ शिर्डीपर्यंत जाऊन खाली उतरता येतं. शिर्डी ते नगर हा तुकडा ऐंशीएक किलोमीटरचाच आहे, पण त्या रस्त्याची कीर्ती काही चांगली नाही. पावसाळ्यात तर संभाजीनगरकडून या. समृद्धीवर मोटरसायकलला बंदी आहे, त्यामुळे बुलेटवर जायचा बेत असेल तर जुन्या रस्त्याने जावं लागेल. टायरची हवा आणि स्थिती निघण्याआधी तपासून घ्या. तासन्‌तास एका वेगात सरळ काँक्रीटवर गाडी पळते, टायर तापतात. मधे उतरून चहा घ्यायला आवडत नसेल तरी घ्या, त्या रस्त्यावर डुलकी फार सहज लागते.

म्युझियम शहराच्या सोलापूर रस्त्याच्या बाजूला, फराहबागेजवळ आहे. रिक्षावाल्याला "टँक म्युझियम" एवढं सांगितलं की पुरतं. भाडं आधी ठरवा, आणि परतीला रिक्षा तिथे मिळेल का तेही त्यालाच विचारा.

४. सोबत काय असावं

- प्रत्येक मोठ्या माणसाचं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. मोबाईलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.
- शाळेची किंवा क्लबची सहल असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणि नावांची यादी. मोठा गट असेल तर आधी कळवून ठेवा.
- गाडीची कागदपत्रं: आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स.
- सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे झालं असलं तरी छावणी भागात नेटवर्कवर विसंबू नका.
- पाणी, टोपी, जाड तळव्यांचे बूट.
- वही आणि पेन्सिल. का ते सहाव्या पायरीत सांगतो.
- लहान टॉर्च. गाडीच्या पोटाखाली आणि चाकांच्या मागे भर दुपारीही अंधार असतो.

ड्रोन घरीच ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा सोबत असेल तर त्याच्या प्रवेशाबद्दल आधी विचारून घ्या. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला फाटकाबाहेर बसवून आपण आत जायचं हे काही बरं नाही.

५. फाटकावर आणि आत

फोटो काढता येतील का, कुठले, मोबाईलवर की कॅमेऱ्यावर, त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे तिकिटाच्या वेळीच विचारा आणि सांगितलं तेवढंच करा. बाहेरचं फाटक, पहारा, छावणीचे रस्ते यांचे फोटो तर काढूच नका. रस्त्यावर दिसणाऱ्या चालू लष्करी गाड्यांचेही नाही.

आत गेल्यावर रणगाड्यांवर चढू नका. लोक चढतात, मुलांना तोफेवर बसवतात. जुन्या गाडीचा मडगार्डचा पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि खालून गंजलेला असतो. शिवाय ताज्या रंगावर बुटाचे ओरखडे उठले की तिथून पाणी शिरतं आणि गंज पुन्हा सुरू होतो.

६. पहिली फेरी फलक न वाचता मारा

हा माझा ठाम आग्रह आहे. फलक आधी वाचला की डोळा आळशी होतो. सरळ एक चक्कर मारा आणि प्रत्येक गाडीजवळ या चार गोष्टी बघून वहीत टिपा. नंतर फलकाशी पडताळा.

*चाकं मोजा.* साखळीपट्ट्याच्या आतली, जमिनीवर टेकणारी चाकं. ब्रिटिश चर्चिल रणगाड्याला प्रत्येक बाजूला अकरा छोटी चाकं आहेत. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता यांना सहा-सहा. अमेरिकी शेफीला पाच. सोव्हिएत टी-५४ आणि टी-५५ लाही पाचच, पण पहिल्या आणि दुसऱ्या चाकात ठळक फट असते. ती फट एकदा लक्षात आली की हा रणगाडा देशात कुठल्याही चौकात उभा असला तरी ओळखू येतो. मॅटिल्डाची चाकं मोजायला गेलात तर पंचाईत होईल, कारण ती चिलखताच्या पडद्याआड आहेत. त्या पडद्यात वरच्या बाजूला चिखल बाहेर पडायला तिरक्या खिडक्या ठेवल्या आहेत, त्या शोधा.

*दात्यांचं चाक पुढे आहे की मागे.* पट्टा ओढणारं चाक हेच. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी आणि जपानी रणगाड्यांत ते पुढे असतं, ब्रिटिश रणगाड्यांत बहुधा मागे. यात मजा अशी की इंजिन मागे आणि गिअरबॉक्स पुढे असेल तर दोघांना जोडणारा लांब दांडा माणसांच्या पायाखालून न्यावा लागतो. मग गाडीची उंची वाढते. एम-३ ग्रँट एवढा ताडमाड का, याचं अर्धं उत्तर या दांड्यात आहे. उरलेलं अर्धं त्याच्या इंजिनात. ते मुळात विमानाचं गोल, रेडियल जातीचं इंजिन होतं, त्याला उभी जागा लागते.

*पत्रा जोडलाय कसा.* रिव्हेट मारलेला, वेल्डिंग केलेला की अख्खा ओतलेला? रिव्हेटच्या गाड्यांत वाईट गोष्ट ही होती की बाहेरून गोळा आदळला की रिव्हेटचं डोकं तुटून आत गोळीसारखं उडायचं. चिलखत भेदलं गेलं नाही तरी आतला माणूस जखमी. म्हणून पुढच्या काळात वेल्डिंग आणि ओतकाम आलं. रंग कितीही जाड असला तरी रिव्हेट लपत नाही. ओतीव टरेटवर (तोफ बसवलेल्या, वरच्या फिरत्या भागावर) हलका खडबडीतपणा आणि कधीकधी साच्याची रेघ दिसते, तिथे टॉर्च तिरपा धरा.

*तोफेच्या नळीवर फुगवटा आहे का.* युद्धानंतरच्या बऱ्याच रणगाड्यांच्या नळीवर एक जाड गळपट्टा असतो. पॅटनवर तो टोकाजवळ, विजयंतावर मध्यावर. गोळा सुटल्यावर नळीत उरलेला धूर बाहेरच्या बाजूला ओढायची ही सोय. ती नसताना तोच धूर बंद टरेटमध्ये यायचा.

याशिवाय अंकांवर नजर ठेवा. आपल्या लष्करी गाड्यांच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो, आणि त्याच्या पाठोपाठचे दोन आकडे सहसा गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा खुणा स्क्वॉड्रन, म्हणजे रेजिमेंटमधली तुकडी, ओळखायला असत. पण रंगकाम नव्याने झालेलं असताना या खुणा मूळच्याच असतील असं नाही, ओतकामातले आणि ठोकलेले आकडे जास्त भरवशाचे.

७. दुसरी फेरी: थांबायच्या जागा

सगळ्या पन्नास गाड्या सारख्या मन लावून कोणी बघू शकत नाही. मी म्हणेन या निवडा.

*रोल्स-रॉईस चिलखती गाडी.* संग्रहातली सगळ्यात जुनी. राजे-रजवाड्यांच्या ज्या सिल्व्हर घोस्ट मोटारी होत्या, त्याच सांगाड्यावर चिलखत आणि मशीनगन चढवलेली. खाली वाकून सांगाडा बघा, वरचं ओझं मूळ मोटारीसाठी नव्हतं हे कळतं.

*मॅटिल्डा.* पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर, १९४० साली ते भेदणं फार थोड्या तोफांना जमे. आणि एवढ्या धुडाला ओढायला बसच्या जातीची दोन डिझेल इंजिनं शेजारी-शेजारी बसवलेली. वेग ताशी जेमतेम पंचवीस किलोमीटरच्या आसपास.

*आर्चर.* हा बघून मुलं हसतात. व्हॅलेंटाईन रणगाड्याच्या सांगाड्यावर १७ पौंडी (हे नाव गोळ्याच्या वजनावरून) लांब तोफ बसवली, पण ती पुढे तोंड करून मावेना, म्हणून मागे तोंड करून बसवली. लपून गोळा झाडायचा आणि गाडी न वळवता सरळ पुढे पळून जायचं. गैरसोयीतून सोय निघाली.

*लोकस्ट.* विमानातून, ग्लायडरमधून न्यायचा रणगाडा. वजन साडेसात टनांच्या आसपास, लांबी आपल्या एखाद्या हॅचबॅक गाडीएवढी. चर्चिलसमोरून सरळ याच्याकडे चालत या, फरक अंगावर येतो.

*जपानी हा-गो.* चिलखत जाडात जाड १२ मिलिमीटर. टरेटमध्ये एकटा कमांडर. बघायचं त्यानेच, तोफ भरायची त्यानेच, झाडायचीही त्यानेच. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ग्रँट समोर आल्यावर याचं काय झालं असेल ते दोघांना शेजारी मनात ठेवून बघा.

*एएमएक्स-१३.* फ्रेंच. याचं टरेट दोन तुकड्यांचं आहे, तोफ वर-खाली होते तेव्हा टरेटचा वरचा अर्धा भागच तिच्यासोबत झुकतो. गोळे आपोआप भरणारे दोन गोल ड्रम, प्रत्येकी सहा गोळ्यांचे. बारा झाले की पुन्हा भरायला आडोसा शोधायचा. १९६२ मध्ये २० लान्सर्सचे हे रणगाडे विमानाने लडाखमधल्या चुशूलला उतरवले होते. त्याआधी १९४८ च्या १ नोव्हेंबरला ७ लाईट कॅव्हलरीने स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत चढवले. तिकडे नेताना कोणाला सुगावा लागू नये म्हणून टरेट वेगळी काढून नेली होती.

*पीटी-७६ आणि शेफी.* ही जोडी. पीटी-७६ पाण्यात पोहणारा, म्हणूनच चिलखत कागदासारखं पातळ. याच जातीच्या ४५ कॅव्हलरीच्या रणगाड्यांनी २१ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला पाकिस्तानी शेफींचा फडशा पाडला. युद्ध अधिकृतपणे सुरू व्हायला अजून बारा दिवस होते.

*पॅटन आणि सेंच्युरियन.* इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ९० मिलिमीटरची तोफ असलेला पॅटन १९६५ मध्ये पाकिस्तानचा हुकमी पत्ता होता. ८ ते १० सप्टेंबरला पंजाबातल्या आसल उत्तरला आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली, शेतांत पाणी सोडलं, उसात सेंच्युरियन आणि जीपवरच्या तोफा दडवल्या. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद अशाच जीपवरून लढले, परमवीर ठरले. भारतीय आकड्यांनुसार ९७ पाकिस्तानी रणगाडे तिथे मोडले किंवा सोडून दिले गेले. पॅटनमध्येही दोन चेहरे ओळखता येतात: एम-४७ चं टरेट पुढे निमुळतं, एम-४८ चं गोलसर, उपड्या वाडग्यासारखं.

सेंच्युरियनसमोर दोन परमवीरांची नावं आठवा. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, १९६५. त्याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, वय एकवीस. खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. तो लोकांना बघता येतो का हे तिथल्या माणसाला विचारा, आग्रह धरू नका.

*विजयंता.* शेवटी हा. ब्रिटिश व्हिकर्सच्या आराखड्यावरून चेन्नईजवळच्या अवाडीला १९६५ पासून बनला, १०५ मिलिमीटरची तोफ. पॅटन आणि सेंच्युरियन बघून झाल्यावर याच्याकडे आलात तर चिलखत किती हलकं ठेवलंय आणि तोफ किती मोठी घेतलीय हे आपोआप दिसतं.

८. माहिती देणारा भेटला तर

आवारात एखादा जवान किंवा निवृत्त सैनिक भेटला तर इतिहास विचारू नका, तो फलकावर आहे. "यातली बॅटरी कुठे असते?", "पट्टा तुटला तर किती माणसं लागतात?", "पावसात आत पाणी येतं का?" असे प्रश्न विचारा. अशा प्रश्नांना बोलकं उत्तर मिळतं. साहेब, दादा, जे सहज तोंडात येईल ते म्हणा. आणि आजच्या रणगाड्यांची संख्या, तैनाती वगैरे विषय काढू नका.

९. मुलं आणि वडीलधारे

लहान मुलांना चाकं मोजायचं काम द्या, मोठ्यांना वही. आजी-आजोबांसाठी सकाळची पहिली वेळ धरा. चालणं बरंच आहे. डबा आत उघडायचा का ते विचारून घ्या.

१०. उरलेला अर्धा दिवस

जवळच फराहबाग आहे, निजामशाही काळातला महाल, पडझड झालेला पण ऐसपैस. भुईकोट किल्ला शहरातच आहे. १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते तिथे कैदेत होते. तोही लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र हाताशीच ठेवा. जेवायला नगरकडची शिपी आमटी मिळाली तर सोडू नका. सावजी खाणाऱ्यालाही ती पुरून उरते.

परतीची गाडी रात्रीची असेल तर सामान स्टेशनवर ठेवायची सोय आहे का हे सकाळी उतरतानाच बघून घ्या. आणि वहीतल्या नोंदी गाडीतच फोटोंशी जुळवा. घरी आल्यावर सगळ्या हिरव्या गाड्यांचे फोटो बघून कोणता कोणाचा हे सांगणं अवघड जातं. त्यासाठी एक साधी युक्ती: प्रत्येक रणगाड्याचा फोटो काढण्याआधी त्याच्या फलकाचा एक फोटो काढत चला.